स्पीकरमधली घूं, चिर्र आणि खरखर: काही विकत घ्यायच्या आधी आवाज कुठून घुसतोय ते शोधा

पीसीला लावलेल्या स्पीकरमधून घूं, चिर्र, खरखर असलं काही यायला लागलं की बहुतेक जण आधी नवीन साउंड कार्ड नाहीतर यूएसबी डॅक (साउंड कार्डाचंच काम पीसीच्या बाहेर करणारी डबी) मागवतात, ते लावतात, आणि आवाज जसाच्या तसा, कारण तो घुसत असतो भलतीकडूनच. म्हणून खिशात हात घालायच्या आधी एवढंच शोधायचं की आवाज नेमका कुठल्या टप्प्यावर आत येतोय. टप्पे म्हणजे प्रोग्राम, विंडोजचा नाहीतर लिनक्सचा मिक्सर, ड्रायव्हर, साउंडची चिप, जॅक, केबल, अ‍ॅम्प (सिग्नल मोठा करणारा भाग), स्पीकर, आणि या सगळ्यांना वीज देणारा प्लग (हा शेवटचा सगळेच विसरतात). एकेक सोडवत जायचं, दुसरा शॉर्टकट नाही.

सुरुवातीला काही उपटू नका, नुसतं ऐका. गाणं बिणं सगळं बंद, स्पीकरचं बटण नेहमीपेक्षा थोडं वर, आणि कान द्या. हेडफोन असेल तर कानातून काढून मगच आवाज वाढवा, उगाच कानाला त्रास नको. आता जो आवाज येतोय तो सलग आणि खालच्या सुरातला घूं असा असेल तर तो विजेचा, म्हणजे ५० हर्ट्झचा नाहीतर त्याच्या दुपटीचा १०० हर्ट्झचा (ज्या देशांत वीज ६० हर्ट्झची आहे तिथे ६० आणि १२०). मोबाइलवर स्पेक्ट्रम दाखवणारं एखादं फुकट अ‍ॅप टाकून स्पीकरसमोर धरलंत तर तिथे त्या आकड्यावर उभी रेघ दिसते आणि शंका राहत नाही. सूंऽऽ असा वाऱ्यासारखा सपाट आवाज असेल तर तो अ‍ॅम्पचा स्वतःचा, थोडाफार प्रत्येक अ‍ॅम्पमध्ये असतोच, दोन हात लांब बसल्यावर ऐकू येत नसेल तर सोडून द्या.

मग येतो तो सगळ्यात चीड आणणारा आवाज. माउस हलवला की चिर्र, पानावर वरखाली स्क्रोल केलं की चिर्रचिर्र, विंडो पकडून स्क्रीनभर फिरवली की त्याच तालात आवाज फिरतो, गेम चालू केला की एकदम किंकाळीसारखा चढतो आणि मेनूत गेलं की सूर बदलतो. हा आवाज म्हणजे ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसर जो करंट ओढतायत त्याचीच चाहूल, ती ऑडिओच्या ग्राउंडमधून, म्हणजे सिग्नलच्या परतीच्या वायरीतून, स्पीकरपर्यंत पोचतेय. यात ड्रायव्हर पुन्हा टाकून काहीही होत नाही, तो वेळ वाचवा. आणि चौथा प्रकार म्हणजे मधेच टक्, कर्र, आवाज क्षणभर तुटणं, कधी येईल सांगता येत नाही असा, तो मात्र बहुतेक वेळा सॉफ्टवेअरचा असतो, त्याचं खाली बघू.

केबल उपटायची टेस्ट

आता स्पीकरच्या बाजूची ऑडिओ केबल काढा. पीसीच्या बाजूची नाही, स्पीकरच्या बाजूची, कारण पीसीकडचं टोक काढून नुसतं हवेत सोडलं तर ती केबलच अँटेना बनते आणि घूं उलट वाढतो, त्या पिनेला बोट लावलं तर स्पीकर भसकन ओरडतो, आणि माणूस समजतो स्पीकर गेला. तो गेलेला नसतो. स्पीकरची केबल सुटी होत नसेल, आतूनच आलेली असेल, तर ती पिन मोबाइलमध्ये नाहीतर बॅटरीवर चालणाऱ्या लॅपटॉपमध्ये लावा, चार्जर मात्र काढलेला पाहिजे.

केबल काढूनही घूं चालूच, तर पीसीला दोष देऊ नका, रोग स्पीकरमध्ये किंवा त्याच्या अ‍ॅडॅप्टरमध्ये आहे. जुन्या, ट्रान्सफॉर्मरवाल्या स्पीकरमध्ये फिल्टरचे कपॅसिटर वाळले की १०० हर्ट्झचा घूं येतो, आवाजाचं बटण शून्यावर आणलं तरी तो हलत नाही ही त्याची खूण. डोक्यावरून फुगलेले कपॅसिटर नुसत्या डोळ्यांनी दिसतात, पण प्लग काढल्यावरही त्यांच्यात काही वेळ चार्ज राहतो, तेव्हा सोल्डरिंगची सवय नसेल तर दुरुस्तीवाल्याकडे द्या. बटण फिरवतानाच फक्त खरखर येत असेल तर बटणाच्या आतला पॉट (आवाज कमीजास्त करणारा फिरता भाग) घाण झालाय, काँटॅक्ट क्लीनरचा एक फवारा आणि दहावीस वेळा पूर्ण फिरवणं, काम झालं.

मोबाइलवर स्वच्छ, पीसीवर घाण, असं निघालं तर पुढची टेस्ट मला सगळ्यात जास्त आवडते, कारण ती फुकट आहे आणि गोष्ट जवळपास तिथेच कळते. साधे वायरवाले हेडफोन घ्या आणि पीसीच्या मागच्या हिरव्या जॅकमध्ये थेट लावा. हेडफोनला अर्थिंग नसतं, त्याला दुसरा कुठलाच प्लग नाही, त्यामुळे ग्राउंड लूप (अर्थिंगचं बंद वर्तुळ, खाली सांगतो) तिथे तयारच होऊ शकत नाही. हेडफोनमध्ये शांतता आणि स्पीकरमध्ये चिर्र, म्हणजे ग्राउंड लूप. हेडफोनमध्येही तोच आवाज, म्हणजे पीसीच्या आतली भानगड किंवा मिक्सर. या एका टेस्टवर पुढचा रस्ता ठरतो, ती न करता पुढे जाऊ नका.

ग्राउंड लूप निघाला तर

होतं असं की पीसीचं एसएमपीएस (आतला पॉवर सप्लाय) तीन पिनांच्या प्लगमधून अर्थिंगला जोडलेलं, तुमचा अ‍ॅम्प किंवा मॉनिटर स्पीकर पण तीन पिनांचा, तोही अर्थिंगला जोडलेला, आणि मधे ऑडिओ केबलची जाळी (वायरीभोवतीचं धातूचं आवरण) या दोघांना पुन्हा एकदा जोडते. झालं वर्तुळ पूर्ण. दोन्हीकडच्या अर्थिंगमध्ये थोडासा जरी फरक असला तरी त्या जाळीतून करंट वाहायला लागतो, आणि ऑडिओ सिग्नल त्याच जाळीच्या हिशोबाने मोजला जातो म्हटल्यावर तो करंट थेट आवाजात मिसळतो.

उपाय क्रमाने करा. पहिलं, पीसी, मॉनिटर आणि स्पीकर सगळं एकाच एक्स्टेंशन बोर्डवर आणा, वेगवेगळ्या भिंतींच्या सॉकेटवर ठेवू नका. नुसत्या एवढ्याने कितीतरी जणांचा घूं जातो. दुसरं, पीसीला जोडलेलं बाकीचं सगळं एकेक करून काढून बघा, टीव्हीला गेलेली एचडीएमआय, केबल टीव्हीचा कोअ‍ॅक्स जिथे लागलाय असा सेट टॉप बॉक्स, प्रिंटर, लॅनची केबल. लॅनच्या पोर्टमध्ये ट्रान्सफॉर्मर असतो म्हणून साधी केबल सहसा निर्दोष सुटते, पण जाळीवाली, धातूच्या टोपीची लॅन केबल असेल तर तीपण संशयित. टीव्हीचा कोअ‍ॅक्स हा तर जुना गुन्हेगार आहे, तो बिल्डिंगच्या कुठल्या टोकाला अर्थ केलाय देव जाणे, आणि तिथून टीव्ही, टीव्हीतून एचडीएमआय, एचडीएमआयमधून पीसी असा तो घरात येतो.

यूएसबीवर चालणारे छोटे स्पीकर असतील तर इथे विशेष लक्ष द्या. त्यांची वीज पीसीच्या यूएसबीतून आणि आवाज ३.५ एमएमच्या पिनेतून, दोन्हीचं ग्राउंड पीसीतच, म्हणजे लूप त्या दीड हाताच्या वायरमध्येच तयार झालेला. माउसबरोबर ओरडणाऱ्या स्पीकरांमध्ये या जातीचे खूप असतात. यूएसबीची पिन पीसीतून काढून मोबाइलच्या चार्जरला लावा, ऑडिओची पिन पीसीतच राहू द्या. चिर्र गेली तर प्रश्न मिटला, खर्च शून्य.

यानेही गेलं नाही तर ग्राउंड लूप आयसोलेटर नावाची छोटी डबी मिळते, तिच्यात दोन बारके ट्रान्सफॉर्मर असतात, एक डावीकडचा एक उजवीकडचा, सिग्नल चुंबकातून पलीकडे जातो आणि तांब्याचा जोड तुटतो. ही डबी पीसी आणि अ‍ॅम्पच्या मधे लावायची. अ‍ॅम्प आणि स्पीकरच्या मधे नाही, हेडफोनच्या वायरीत तर अजिबात नाही, तिथे आवाजाचा पार चोथा होतो. अगदी स्वस्तातली डबी बास पातळ करते हेही माहीत असू द्या. अ‍ॅम्पला ऑप्टिकल इनपुट असेल आणि मदरबोर्डच्या मागे ते चौकोनी ऑप्टिकल आउटपुट असेल तर डबीच्या नादाला न लागता ती केबल घ्या, काचेच्या किंवा प्लास्टिकच्या धाग्यातून प्रकाश जातो, करंट जातच नाही, लूपचा विषय संपला.

आणि एक गोष्ट ठामपणे सांगतो. अर्थिंगची जाड पिन तोडून, टेप लावून किंवा दोन पिनांचा अ‍ॅडॅप्टर घालून घूं जातो हे खरंय, तसला सल्ला देणारे भरपूर भेटतील, पण ती पिन आत काही बिघडलं तर पत्र्यावर आलेली वीज जमिनीत नेण्यासाठी असते. ती काढली की स्पीकर शांत आणि कॅबिनेट जिवंत. करू नका. उलट बाजूने, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील किंवा हात लावला की घूं कमी होत असेल, तर सॉकेटला अर्थिंग पोचतच नाहीये असं समजा, एसएमपीएसच्या फिल्टरमधून पत्र्यावर थोडा व्होल्टेज चढून बसतो तो तुम्हाला जाणवतोय. तेव्हा इलेक्ट्रिशियन बोलवा, ते आवाजाच्या आधीचं काम आहे.

हेडफोनमध्येही येतोय तर

पुढच्या जॅकमध्ये लावलेत की मागच्या? पुढच्या असतील तर मागे लावून बघा, कदाचित लेख तुमच्यापुरता इथेच संपेल. कॅबिनेटचं झाकण उघडून बघा, पुढच्या जॅकपासून एक बारीक वायर निघते, मदरबोर्डच्या तळाशी अगदी कडेला एचडी ऑडिओ असं छापलेल्या ९ पिनांच्या जागेवर जाऊन बसते, आणि वाटेत ती बऱ्याचदा ग्राफिक्स कार्डाच्या खालून, पंख्यांच्या वायरींना चिकटून, एसएमपीएसच्या गुंडाळ्यात अडकून जाते. बऱ्याच कॅबिनेटमध्ये तिला धड जाळी पण नसते. ग्राफिक्स कार्ड शंभर दोनशे वॅट ओढतंय आणि त्याच्या पोटाखाली ही उघडी वायर, मग काय होणार. पीसी बंद करून, प्लग काढून ती वायर कार्डापासून लांब, कॅबिनेटच्या मागच्या पत्र्याला धरून फिरवा. आणि पुढचा जॅक वापरतच नसाल तर ती पिनच काढून टाका, काही जणांचा मागच्या जॅकमधला आवाज पण त्याने कमी होतो.

मागेही तोच आवाज, तर आता मिक्सर. विंडोजच्या जुन्या कंट्रोल पॅनेलमधला साउंड उघडा, रेकॉर्डिंगच्या टॅबमध्ये माइकवर डबल क्लिक करून 'लिसन'मध्ये जा आणि तिथे 'लिसन टू धिस डिव्हाइस'वर टिक आहे का बघा. टिक असेल तर तुमचा माइक, खोलीतला पंखा, रस्ता, सगळं तुमच्याच स्पीकरमधून परत ऐकवतोय. मग प्लेबॅकच्या टॅबमधून स्पीकरची प्रॉपर्टी आणि लेव्हल्स. तिथे लाइन इन, माइक असल्या पट्ट्या दिसत असतील तर सगळ्या म्यूट करा, न वापरलेला इनपुट उघडा राहिला की तो बोर्डावरची सगळी घाण गोळा करत बसतो. 'एन्हान्समेंट्स' पण बंद, लाउडनेस इक्वलायझेशन नावाचा प्रकार हळू आवाज वर उचलतो, म्हणजे शांततेतली खरखर पण उचलतो. लिनक्सवर टर्मिनलमधला अल्सामिक्सर उघडून एफ-५ दाबलं की सगळ्या पट्ट्या दिसतात, तिथे ऑटो-म्यूट, लूपबॅक आणि माइक बूस्ट आधी बघा, एम दाबून म्यूट.

इथेच आवाजाच्या पातळ्यांचंही बोलून घेऊ कारण लोक हे हमखास उलट करतात, विंडोजचा आवाज २० वर आणि स्पीकरचं बटण फुल. मग मधल्या केबलमध्ये शिरलेली सगळी घाण स्पीकर पूर्ण ताकदीने मोठी करतो. विंडोजमध्ये ८० ते १०० ठेवा, प्रोग्राममध्येही तसंच, आणि शेवटचा आवाज स्पीकरच्या बटणाने कमीजास्त करा.

टक् टक् आणि तुटणारा आवाज

हा वेगळाच प्राणी आहे. साउंड कार्डाला सेकंदाला सहसा ४८,००० नमुने (आवाजाची क्षणाक्षणाची मोजमापं) लागतात, आणि विंडोज ते साधारण १० मिलिसेकंदांचे गठ्ठे करून, म्हणजे ४८०-४८० च्या हप्त्यांनी देतं. टाकीत पाणी भरणारा माणूस मधेच दुसऱ्या कामाला गेला आणि टाकी कोरडी पडली तर नळ जसा फुर्रफुर्र करतो तसंच इथे, दुसऱ्या कुठल्यातरी ड्रायव्हरने प्रोसेसर जास्त वेळ अडवून धरला की पुढचा हप्ता वेळेत पोचत नाही आणि तुम्हाला टक् ऐकू येतं. प्रोसेसर कितीही भारी असला तरी हे होतं, कारण प्रश्न ताकदीचा नाही, वेळेवर हजर राहण्याचा आहे.

लेटन्सीमॉन नावाचा फुकट प्रोग्राम मिळतो, तो चालू करा, गाणं लावा, दहापंधरा मिनिटं नेहमीचं काम करा आणि मग ड्रायव्हर्सच्या टॅबमध्ये सगळ्यात जास्त वेळ खाणारा कोण ते बघा. बऱ्याचदा नेटवर्कचा नाहीतर ग्राफिक्सचा ड्रायव्हर वर दिसतो. वायफाय काही वेळ डिव्हाइस मॅनेजरमधून डिसेबल करून ऐका, टक् थांबली तर वायफायचा ड्रायव्हर बदला, नवा टाका, नवाच असेल तर एक पायरी जुना टाका. पॉवर प्लॅन हाय परफॉर्मन्सवर करून बघणं पण दोन मिनिटांचं काम आहे.

एएमडी रायझन प्रोसेसर असेल तर बायोस (मदरबोर्डचं स्वतःचं सॉफ्टवेअर) कधीचा आहे ते बघाच. २०२२ मध्ये एएमडीने स्वतः मान्य केलं की बायोसमधल्या एफटीपीएममुळे (सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारी सोय) विंडोज १० आणि ११ वर मशीन अधूनमधून क्षणभर अडखळतं, तेव्हा आवाजही तुटतो, आणि त्यावर बायोसचे अपडेट आले. तुमचा बोर्ड त्या आधीच्या बायोसवरच बसला असेल तर बाकी सगळं करून उपयोग नाही.

ऑनबोर्ड साउंडच्या कंपनीचा ड्रायव्हर संशयित वाटत असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्याच्यावर अपडेट ड्रायव्हर, मग स्वतः शोधतो, मग यादीतून निवडतो असं करत विंडोजचा स्वतःचा 'हाय डेफिनिशन ऑडिओ डिव्हाइस' निवडा. कंपनीचे इफेक्ट जातील, पण आवाज येईल आणि तुलना करता येईल. यूएसबीवाला डॅक किंवा हेडसेट टक् टक् करत असेल तर हब मधून काढून थेट मदरबोर्डच्या मागच्या पोर्टला लावा, आणि पॉवर प्लॅनमधलं यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करा. रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये बफर, म्हणजे वरचा तो एकेक हप्ता, १२८ नमुन्यांवर ठेवला असेल तर ४८ किलोहर्ट्झला ते जेमतेम २.७ मिलिसेकंद होतात, २५६ किंवा ५१२ करा, मिक्सिंग करताना एवढा छोटा बफर कशाला हवाय.

प्रत्येक गाण्याच्या सुरुवातीला आणि थांबल्यावर थोड्या वेळाने फट् असा आवाज येत असेल तर ती चिप झोपतेय आणि उठतेय. लिनक्सवर हे फार दिसतं, इंटेल एचडी ऑडिओच्या मॉड्यूलचं पॉवर सेव्ह शून्य केलं की थांबतं. पाइपवायर (लिनक्सची आवाजाची यंत्रणा) असेल तर वायरप्लंबर या तिच्या मॅनेजरमधला सस्पेंडचा टाइमआउट पण शून्य करावा लागतो, नाहीतर अर्धंच काम होतं.

बाकी किरकोळ

२.४ गिगाहर्ट्झच्या डोंगलवर चालणारा वायरलेस हेडसेट तुटत असेल तर डोंगल कुठे लावलाय ते बघा. यूएसबी ३ चे पोर्ट आणि केबल याच पट्ट्यात रेडिओ गोंगाट टाकतात, इंटेलने २०१२ मध्येच यावर पेपर काढला होता. डोंगल छोट्या यूएसबी एक्स्टेंशनने टेबलावर आणा, निळ्या (यूएसबी ३ च्या) पोर्टपासून आणि बाहेरच्या हार्डडिस्कपासून लांब. ब्लूटूथचा आवाज कॉलवर गेल्याबरोबर डब्यातून आल्यासारखा होत असेल तर तो बिघाड नाही, माइक चालू झाला की ब्लूटूथ हँड्स-फ्री प्रोफाइलवर, म्हणजे कॉलसाठीच्या कमी दर्जाच्या आवाजावर जातं. पीसीला वेगळा माइक लावा, हेडसेटचा माइक साउंडमधून डिसेबल करा.

माइकमध्ये सूं जास्त असेल तर बूस्ट +३० किंवा +२० डेसिबलवर आहे का बघा, तो शून्यावर आणा आणि माइक तोंडाजवळ घ्या, यासारखा नॉइज रिडक्शन दुसरा नाही. मोबाइलच्या हेडसेटची चार पट्ट्यांची (धातूचे चार भाग असलेली) पिन तीन पट्ट्यांच्या जॅकमध्ये बसवली की आवाज पोकळ आणि विचित्र येऊ शकतो, त्याला वाय आकाराचा स्प्लिटर लागतो.

आणि चिर्र आवाज स्पीकरची केबल काढूनही, स्पीकर पूर्ण बंद करूनही कॅबिनेटमधूनच येतोय का, हेही एकदा कान लावून बघा. मग ते ऑडिओचं दुखणंच नाही, ते ग्राफिक्स कार्डाच्या नाहीतर एसएमपीएसच्या कॉइलचं थरथरणं आहे. गेमच्या मेनूत हजार एफपीएस (सेकंदाला हजार चित्रं) पळत असतात तेव्हा ते सगळ्यात जास्त ऐकू येतं, व्ही-सिंक लावा किंवा एफपीएसला मर्यादा घाला, बरंच खाली येतं. मशीन निवांत असतानाच कॉइल शिटी मारत असेल तर बायोसमध्ये प्रोसेसरचे सी-स्टेट (काम नसतानाच्या झोपेच्या अवस्था) बंद करून काही बोर्डांवर फरक पडतो, पण मग निष्क्रिय असतानाही वीज जास्त खाते.

हे सगळं करून ऑनबोर्ड चिपच घाणेरडी आहे असं ठरलं, म्हणजे मागच्या जॅकला हेडफोन, पुढची वायर काढलेली, सगळे इनपुट म्यूट, तरी चिर्र, तर मग बाहेरचा यूएसबी डॅक घ्या, खुशाल घ्या, हेडफोनसाठी तर तो नक्की काम करतो. पण तीन पिनांच्या प्लगचे मॉनिटर स्पीकर असतील तर डॅकचं ग्राउंड पण यूएसबीतून पीसीलाच जोडलेलं असतं आणि लूप पुन्हा तोच. तिथे बॅलन्स्ड आउटपुट (सिग्नल दोन उलट वायरींतून जातो, वाटेत घुसलेला आवाज वजा होतो) असलेला डॅक किंवा ऑडिओ इंटरफेस बघा, आणि मॉनिटर स्पीकरला एक्सएलआर (तीन पिनांची गोल) नाहीतर तीन पट्ट्यांच्या पाव इंची केबलीनेच जोडा. दोन पट्ट्यांची साधी केबल लावली तर बॅलन्स्डचे पैसे वाया.